काठाची तांबडी रेघ

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या ओसाकाहून बिदरला आला. त्याने तिकडे घेतलेली जीन्सची विजार आम्हांस दाखविली. जाड, खरबरीत, गडद निळे कापड. किंमत ऐकून वहिनी म्हणाल्या, "कामगाराचा कपडा हा, एवढे पैसे कशाचे?" त्याने विजारीचा पाय उलटून आतला काठ दाखविला. पांढऱ्या पट्टीत एक तांबडी रेघ होती.

असा पक्का काठ धोट्याच्या अरुंद मागावरच येतो. अमेरिकन गिरण्यांनी मोठ्या पन्ह्याचे, वेगवान माग घेतले आणि तिकडे तो मागे पडत गेला. जपानात ही विजार महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या वापरलेल्या कपड्यांतून पोहोचली. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कोजिमा गावात १९६५ साली अमेरिकन कापडाच्या जीन्स शिवल्या गेल्या. १९७३ मध्ये कुराबो गिरणीने जपानी डेनिम विणले. पुढच्या कारागिरांनी जुन्या अमेरिकन विजारी उसवून त्यांचे सूत, टाके, तांब्याचे रिव्हेट न्याहाळले. सुताचे दोर नीळीत बुडवायचे, हवेत धरायचे, पुन्हा बुडवायचे. रंग वरवर बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून वापरता वापरता कापड विटते आणि वापरणाऱ्याच्या गुडघ्यांच्या, खिशांच्या खुणा त्यावर उमटतात.

मला वाटले, मागही अमेरिकेतून आणले असतील. पण ते तोयोदांचे, जपानी घडणीचेच. वस्तू परक्याची, हात आपला! इकडे अमेरिकेत या कापडासाठी नावाजलेली ग्रीन्सबरो येथील व्हाइट ओक गिरणी २०१७ च्या अखेरीस बंद झाली. अशा कामकरी कापडाला इंग्रजीत 'डंगरी' हेही एक नाव आहे. त्याचा संबंध आपल्या मुंबईच्या डोंगरीशी जोडला जातो. शब्दही केवढा प्रवास करतात!

आम्हां बिदरकरांना हे नवे वाटू नये. बिदरी कलेचे मूळ परंपरेने इराणकडे दाखविले जाते. पण जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदी जडवून झाल्यावर त्याला काळेपण येते ते येथल्या किल्ल्यातील मातीने.

आणि आमची मराठी? १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर-गुलबर्गा जिल्हे हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. घरातली भाषा मात्र तीच राहिली, कन्नड आणि दखनीचा रंग घेऊन. पुण्याचे पाहुणे तिला हसतात, तेव्हा मी आजवर ओशाळत असे. यंदा ओशाळलो नाही. चिंता निराळीच आहे. आजोबांची मराठी पुस्तके मी कपाटात जपून ठेवली आहेत. पण माझा नातू कन्नड आणि इंग्रजी वाचतो; मराठी नुसती बोलतो.

पुतण्या निघताना म्हणाला, "काका, ही विजार घडी घालून ठेवली, तर हिच्यावर काहीच उमटायचे नाही."

त्या रात्री कपाट उघडले. नातवाला जवळ बसविले आणि पहिले पान त्याच्याकडून वाचून घेतले. अर्धा तास लागला.