वीज जळते कुठे?

नारायणगावला एस.टी.तून उतरून खोडदचा रस्ता धरला, की काही वेळाने शेतांपलीकडे रेडिओ-दुर्बिणीच्या जाळीदार थाळ्या दिसू लागतात. अशा ३० थाळ्या या परिसरात पसरल्या आहेत. एकेक ४५ मीटर व्यासाची. मला जायचे होते ते मात्र अलीकडच्या एका वाडीतल्या शाळेत. माझा एक जुना विद्यार्थी तेथे गुरुजी आहे. "सर, या खेपेस कविता नको, विज्ञानाच्या तासाला बसा," असे त्याने बजावले होते.

वर्गाच्या भिंतीवर संगणकातले चित्र पडले होते : सेल, तारा आणि दिवा. नोबेल पारितोषिक मिळवणारे शास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू केलेल्या 'फेट' प्रकल्पाचे हे सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, मराठीतही आहे, आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. मुलांनी तारा जोडताच निळ्या गोळ्यांची रांग चालू लागली. एका व्रात्य मुलाने सेलची दोन्ही टोके तारेने थेट जोडली. भिंतीवर ज्वाळा उठल्या! वर्ग खदखदून हसला. भाजले मात्र कोणालाच नाही.

तेवढ्यात पुढची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, दिव्यात जितके गोळे शिरतात तितकेच बाहेर येतात. मग दिवा खातो काय?"

मी चपापलो. चाळिशी उलटली तरी माझ्या मनातला दिवा वीज खातच होता. आपली भाषाच तशी. 'वीज जळतेय, बटण बंद कर,' हे ऐकतच आपण वाढलो.

गुरुजी बोलणार तोच खरी वीज गेली. भिंत कोरी झाली. त्यांनी शांतपणे कपाटातून दोन सेल, तारा आणि विजेरीचे दोन सारखे दिवे काढले आणि दिवे एकापुढे एक जोडले.

"पहिला दिवा वीज खात असेल, तर दुसरा कसा लागेल?"

"पहिल्यापेक्षा मंद!" सारा वर्ग ओरडला. मनातल्या मनात मीही.

मुलीने तार टेकवली. दिवे मिणमिणले, पण अगदी सारखे.

"गोळे तेच फिरतात," गुरुजी म्हणाले. "खर्च होते ती सेलमधली ऊर्जा, तीच उजेड आणि उष्णता होऊन बाहेर पडते."

मुलीने एक दिवा काढला, उरलेला लख्ख पेटवला आणि हळूच बोट लावले. "गरम लागतंय!" गोळे भिंतीने दाखवले होते, हे मात्र बोटालाच कळायचे होते.

रात्री घरी पोचलो, तर आतून सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, बाहेर वीज जळतेय!"

दुरुस्ती अगदी ओठांवर आली होती. पण मुकाट्याने उठलो आणि बटण बंद केले.