संत्र्याचा वास आणि मामाची उदबत्ती

सुप्यात माझ्या मामाचं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, मंडळांचे टी-शर्ट, कापडी पिशव्या, सगळं तिथेच छापलं जातं. लहानपणी सुट्टीत चौफुल्याला एसटी वळली, की मला त्या दुकानातला थिनरचा वास आठवायचा. खरं सांगते, तो मला आवडायचा!

यंदा लग्नसराईत गेले, तर त्याच वासानं दहा मिनिटांत डोकं धरलं. मामा उघड्या हातांनी जाळी पुसत होता. बोटं पांढरी, भेगाळलेली. मी पडले पुण्याची ऑफिसवाली! पुढच्या वीकएण्डला संत्र्याच्या सालीपासून बनवलेलं ‘नॅचरल’ क्लीनर घेऊन हजर. मामा खूश. दुसऱ्या दिवशी त्याचं मनगट लालभडक.

मग बसले वाचत. प्रत्येक केमिकलची सेफ्टी डेटा शीट असते, विक्रेत्याकडे मागायची. त्यातून कळलं, की संत्र्यातलं लिमोनीन शाई छान सोडवतं, पण कातडीला त्रास देऊ शकतं. हवा लागून जुनं झालं की जास्तच. आणि थिनरमधलं टोल्युइन? त्याची वाफ साधारण ४ अंश सेल्सिअसलाही ठिणगीनं पेट घेऊ शकते. लिमोनीनची ४८च्या आसपास. म्हणजे थिनरचा उघडा डबा बारा महिने पेटायला तयार. आणि मामा रोज सकाळी त्याच टेबलाशेजारी काडी ओढून उदबत्ती लावतो!

“तीस वर्षं लावतोय, काय झालं?” मामा म्हणाला.

यावर मी काय बोलणार? मामीनं मुकाट्यानं गणपतीची तसबीर उचलली आणि घरात नेली. विषय संपला.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं १९९४ मध्ये निव्वळ स्क्रीन धुण्याच्या केमिकल्सवर अहवाल काढला होता. त्यात पर्याय तोललेत ते धोका, काम आणि खर्च अशा तिन्ही बाजूंनी. आम्हीही तेच केलं. टी-शर्टला पाण्यात मिसळणारी शाई. ती वाळायच्या आत साध्या पाण्यानं जाते. बाकी शाई आधी पुठ्ठ्यानं खरवडून डब्यात परत. मग थिनर ओतायचं नाही, फडक्यावर घ्यायचं. हातात जाड, थिनरला टिकणारे ग्लोव्हज. फडकं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. वाफ हवेपेक्षा जड, म्हणून तिला बाहेर खेचणारा पंखा खाली, जमिनीलगत. स्टेन्सिल काढायच्या ब्लीचिंगजवळ अ‍ॅसिड कधीच नाही, क्लोरीन वायू सुटतो. उरलेलं मोरीत तर मुळीच नाही. आमच्या जिरायती भागात पाणी किती मोलाचं, ते वेगळं सांगायला नको.

परवा मामाचा फोन आला. म्हणाला, “अगं, आता डबा उघडला की थिनरचा वास येतो गं. इतकी वर्षं येतच नव्हता!”