मधली मुंबई

मुंबई पाहावयास जाणे हा मराठी कुटुंबांचा जुना परिपाठ आहे. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध केले, तेव्हापासून तरी या शहराकडे एक पाहण्याजोगी वस्तू म्हणून बघण्याची दृष्टी आम्हां मराठी वाचकांस लाभलेली आहे. काय पाहावयाचे याची यादीही आता पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने ठरून गेली आहे. बोरीबंदरचे स्थानक, राजाबाईचा मनोरा, अपोलो बंदरावरील दरवाजा, वस्तुसंग्रहालय, चौपाटी, राणीची बाग आणि वेळ उरल्यास महालक्ष्मीचे दर्शन. ही यादी वाईट आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. फक्त तिच्यात एक मौज आहे. दक्षिणेकडील स्थळे पाहून उत्तरेस निघालेला पाहुणा राणीच्या बागेपर्यंत येतो आणि तेथून जो नाहीसा होतो तो एकदम दादरास प्रकट होतो. मधला लालबाग व परळ हा भाग त्याच्या यादीत कोठेच नसतो. यंदाच्या चैत्रात आम्ही सहकुटुंब सांगलीहून मुंबईस गेलो, त्या वेळी या गाळलेल्या जागेविषयी जे मनात आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबईत वसंत येतो की नाही, याविषयी बाहेरगावच्या लोकांस नेहमीच संशय असतो. घामाच्या धारा हाच तेथील एकमेव ऋतू, अशी त्यांची समजूत असते. परंतु पाडव्याच्या आदल्या दिवशी पहाटे ज्याने दादरचा फुलबाजार पाहिला असेल, त्याचा हा संशय तत्काळ फिटेल. अन्यत्र वसंत झाडांवर येतो, दादरास तो मालमोटारींतून आणि आगगाडीच्या डब्यांतून येतो, इतकाच काय तो भेद. महालक्ष्मी एक्सप्रेसमधून उतरून आम्ही सामानासह तेथे क्षणभर थबकलो, तो झेंडूच्या राशी, आंब्याचे टाळे, कडुनिंबाच्या कोवळ्या डहाळ्या आणि साखरेच्या गाठींच्या माळा यांनी पाऊल टाकावयास जागा ठेवली नव्हती. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर दादरचे. त्यामुळे मुक्काम तेथे ठरलेला होता, आणि काय काय पाहावयाचे तेही आमच्या मेहुण्यांनी तासातासाच्या हिशेबाने लिहून ठेवले होते.

पाडव्याच्या सकाळी गिरगावची शोभायात्रा पाहावयाची होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झालेल्या भुयारी मेट्रोने आम्ही दादरहून गिरगावास गेलो. गाडी थंडगार, स्वच्छ आणि वक्तशीर. पूर्वी ज्या वाटेने जाताना कपड्यांची इस्त्री व स्वभावाची शांती दोन्ही बिघडत असत, ती वाट इतकी सुखाची झालेली पाहून आम्ही त्या योजनेस मनोमन धन्यवाद दिले. मात्र खिडकीबाहेर काळोखावाचून काही दिसत नव्हते. सिद्धिविनायक, वरळी, महालक्ष्मी अशी नावे दिव्यांच्या अक्षरांत येत होती व जात होती. शहर पाहावयास आलेल्या माणसास हे शहर सारे डोक्यावरून निघून जात आहे, याची थोडी रुखरुख वाटतेच.

गिरगावात वर आलो, तो ढोल-ताशांचा गजर कानी पडला. फडके गणपती मंदिरापासून निघालेल्या त्या यात्रेत नऊवारी नेसून, डोळ्यांवर काळे चष्मे लावून मोटारसायकली हाकणाऱ्या तरुणी पाहून आमची कन्या हरखून गेली. तिला आम्ही सांगितले की, मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली येथल्याच केशवजी नाईक चाळीत झाला, आणि १९२० साली लोकमान्यांच्या देहास अग्नी दिला तो येथल्याच चौपाटीवर. तिने ते ऐकून घेतले, परंतु तिचे लक्ष मोटारसायकलींवरून हलले नाही, आणि त्यात तिचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. आमच्या शेजारी पाठवणीच्या वेळी नेसावा तसा शालू नेसलेल्या एक वृद्ध बाई उभ्या होत्या. त्या पहाटेच्या गाडीने बदलापुराहून आल्या होत्या. समोरच्या काचेच्या उंच इमारतीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, “आमची खोली इथंच होती, दुसऱ्या मजल्यावर.” ज्या दुसऱ्या मजल्याकडे त्या बोट दाखवीत होत्या, तेथे आता मोटारी उभ्या करण्याची जागा आहे. चाळीतून गेलेले लोक पाडव्याला तरी परत येतात आणि आपल्याच जुन्या गल्लीतून पाहुण्यांसारखे मिरवीत जातात, हे या यात्रेचे खरे स्वरूप आम्हांस त्या बाईंनी दाखविले.

परतताना टॅक्सी केली. भायखळ्याच्या पुढे राणीच्या बागेपासून ती लालबागच्या उड्डाणपुलावर चढली. हा पूल २०११ साली खुला झाला. त्यावरून दोन्ही अंगांच्या जुन्या इमारतींचे वरचे मजले अगदी हाताशी येतात. खिडक्यांतून उभारलेल्या गुढ्यांची रेशमी वस्त्रे आमच्या डोळ्यांच्या रेषेत फडफडत होती. “बाबा, लालबाग कुठे आहे?” असे कन्येने विचारले. “खाली,” आम्ही म्हणालो. आणि ते उत्तर देतादेताच मनात आले की, सकाळी आपण या भागास भुयारातून वळसा घालून गेलो, आता पुलावरून ओलांडून चाललो आहोत. गिरणगाव आता पाहुण्याच्या पायांस लागतच नाही.

पूर्वी असे नव्हते. ट्रॅमगाडी दादरहून निघाली की परळ, लालबाग, भायखळा यांच्या मधोमध खडखडत जाई, आणि ज्यास बोरीबंदर पाहावयाचे असे त्यास गिरण्याही पाहाव्याच लागत. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्रॅम बोरीबंदराहून दादरास गेली. त्या रात्री रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या गर्दीत आमचे धाकटे काका होते. ते आदल्याच वर्षी गिरणीत लागले होते आणि लालबागच्या एका चाळीत आठ जणांच्या बिऱ्हाडात राहत होते. पुढे त्याच चाळीत त्यांनी स्वतःची खोली घेतली, काकू आल्या, दोन मुलींची लग्ने तेथूनच झाली. ती चाळ आता पाडावयाची आहे. मेअखेर खोल्या रिकाम्या करावयाच्या, हे पत्राने कळले होते, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या या प्रवासाचे मूळ कारण मेहुण्यांच्या यादीत नसलेली ती खोली हेच होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दादरहून पायीच निघालो. परळात केईएम रुग्णालय लागले, ते १९२६ सालचे. पुढे हाफकिन संस्था. एके काळी गव्हर्नरसाहेबांचे निवासस्थान असलेल्या या वाड्यात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली. प्लेगच्या त्या धास्तीतूनच सरकारने १८९८ साली शहरसुधारणेचा ट्रस्ट स्थापिला, आणि त्या ट्रस्टने बांधलेल्या परळच्या बीआयटी चाळीतील दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले. किंचित आडवाटेस वळल्यावर बारादेवीचे देऊळ आहे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असता येथे एक प्रचंड शिल्प सापडले. एका शिवाच्या अंगातून दुसरा, दुसऱ्याच्या मस्तकामागून तिसरा, आणि दोन्ही बाजूंस आणखी शिव उगवत आहेत, अशी ती सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची पाषाणमूर्ती. तिचे चुन्याचे प्रतिरूप दक्षिणेकडील वस्तुसंग्रहालयात आहे आणि ते पाहावयास लोक तिकीट काढून जातात. अस्सल मूर्ती मात्र परळात, हळदकुंकू लावून घेत, वस्तीच्या देवळात उभी आहे. मेहुण्यांच्या यादीत प्रतिरूप होते.

लालबागेत शिरताच नाकाने आम्हांस वाट दाखविली. चैत्र हा तेथे वर्षाचा मसाला करावयाचा हंगाम. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी, लवंगी अशा मिरच्यांचे लाल ढीग, शेजारी धणे, दगडफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंडे, आणि कांडपयंत्रांच्या तालावर शिंकत उभ्या असलेल्या बायकांच्या रांगा. काका तेथेच आमची वाट पाहत होते. वय ब्याऐंशी. हातात कापडी पिशवी. दर चैत्रात ते आमच्या घरी मसाल्याचा डबा धाडीत आले आहेत, आणि यंदाही मिरची ते स्वतःच मोडून, वास घेऊन निवडीत होते. आमचे चिरंजीव शाळेत नुकतेच गिरणी संपाविषयी काही शिकले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते, एवढे त्यांस पाठ होते. त्यांनी विचारले, “आजोबा, मग तो संप मिटला कधी?” काकांनी मिरची नाकाशी धरली आणि म्हणाले, “मिटला म्हणून सांगायला कुणी आलं नाही, बाळा.” चिरंजीवांस हा विनोद वाटला. तो संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतलाच गेला नाही, हे त्यांस पुढे कधीतरी कळेल. काकांनी त्यानंतरची वीस वर्षे रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काढली, हे आम्ही त्यांस घरी आल्यावर सांगितले.

खोली होती तशीच होती. दहा फूट रुंद, बारा फूट लांब, आणि दाराबाहेर सर्वांच्या मालकीची ती लांब गॅलरी. आमचे मन भरून आले, आणि ही वास्तू जाणार याबद्दल आम्ही काही हळहळीचे शब्द बोललो. काकूंनी ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “अरे, तुम्ही वर्षाकाठी दोन दिवस येता. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाला जायचं म्हणजे काय, ते माझ्या गुडघ्यांना विचार. नव्या घरात सगळं आतच आहे म्हणे.” यावर आम्हांस उत्तर नव्हते. काका एवढेच म्हणाले, “तिकडं दारं लावून बसावं लागतं म्हणतात.” त्या क्षणीही त्यांचे दार सताड उघडे होते, आणि शेजारचे एक पोर आमची ओळख न विचारता आत येऊन ताटलीतील करंजी उचलून गेले.

पाहुण्याची हळहळ ही बरीच स्वस्त वस्तू आहे. चाळीत जे राहिले त्यांस ती सोडण्याचा, सोडताना आनंद मानण्याचाही, पूर्ण अधिकार आहे, आणि काकूंच्या गुडघ्यांपेक्षा आमच्या आठवणी मोलाच्या आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. मात्र एक गोष्ट पाहुण्याच्याही हाती उरते, ती म्हणजे वेळेवर जाऊन पाहणे. भुयारी गाडी चांगली, पूलही चांगला, दोहोंनी कित्येकांचे तास वाचविले. परंतु ज्या लोकांच्या श्रमावर हे शहर उभे राहिले, त्यांची वस्ती त्या दोहोंच्या मध्ये, माणसाच्या उंचीवर आहे, आणि ती पाहावयाची तर पायांवाचून दुसरे वाहन नाही. काकांचे व काकूंचे दोन्ही म्हणणे एकाच वेळी खरे असते, हे तेथे उंबऱ्यात बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणून चैत्रात मुंबईस जाणाऱ्या वाचकांस आमची एक सूचना आहे. दरवाजा, मनोरा, चौपाटी सारे अवश्य पाहावे. परंतु एक सकाळ राखून ठेवून, हाती रिकामी पिशवी घेऊन, लालबागेत उतरावे. आणि ज्यांचे कोणी काका-मामा तेथे अद्याप राहत असतील, त्यांनी पुढील चैत्राची वाट न पाहता जाऊन यावे. आमच्या काकांनी नव्या जागेचा पत्ता लिहून दिला आहे. त्यात मजल्याचा आकडा तेवीस असा आहे.