आखूड तारेचा हिशोब

7.1 मेगाहर्ट्झची लाट 42 मीटर लांब. तिच्या निम्म्यानं, म्हणजे साधारण 20 मीटर तारेचा डायपोल बांधला की तो बिनतक्रार बोलतो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या तळोद्याच्या जुन्या गल्लीत मात्र भिंतीला भिंत लागून घरं. धाब्यावर सलग 12 मीटर मिळाले तरी नशीब. म्हणून आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा निम्मा वेळ तार कुठे आखूड करायची आणि त्यापायी काय गमवायचं, या हिशोबात जातो.

नुसतं ऐकायचं असेल तर गमवण्यासारखं फारसं नसतं. जळगाव आकाशवाणी 963 किलोहर्ट्झवर लागायची तेव्हा लाट 311 मीटरची आणि ट्रान्झिस्टरमधली फेराइटची कांडी बोटभर. कांडी लहान म्हणून निवेदकाचा आवाज क्षीण होतो, तशी आभाळातली खरखरही क्षीण होते. दोन्हींचं प्रमाण फारसं बिघडत नाही. बोलताना ही सवलत नाही. तिथे जे हवेत गेलं नाही, ते तांब्यात तापून संपतं.

हॅरल्ड व्हीलर यांनी 1947 साली आणि एल. जे. चू यांनी 1948 साली या व्यवहाराची सीमा गणितानं आखून दिली. अँटेना लाटेच्या मानानं लहान केली की एक तर पट्टा अरुंद होतो, नाही तर शक्ती वाया जाते. डायपोल 10 मीटरचा करून मधोमध कॉइल घातली, तर किरणोत्सर्जनाचा रोध, म्हणजे हवेत जाणाऱ्या शक्तीचा वाटा दाखवणारा रोध, 73 ओहमवरून 11 च्या आसपास येतो. बारीक तारेची कॉइल स्वतःच 10 ओहम खाऊ शकते, म्हणजे निम्मी शक्ती तिथेच गेली. मीटरभर व्यासाच्या लूपचा हाच रोध 7 मेगाहर्ट्झवर ओहमचा सुमारे दीडशेवा भाग; तिथे एक सैल सांधाही परवडत नाही.

गंमत अशी की, अँटेनाकडून परत येणारी शक्ती मोजणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर वाया जाणारी शक्तीही छानच दिसते. इवलीशी अँटेना सगळ्या पट्ट्यावर सुरेख मॅच दाखवू लागली, की मला आनंदाऐवजी संशय येतो. एसडब्ल्यूआर तर डमी लोडचाही, म्हणजे सगळी शक्ती नुसती तापून जिरवणाऱ्या रोधाचाही, उत्तम असतो.

माझा उपाय साधा आहे. तार पूर्ण 20 मीटरच ठेवायची, मधले 12 मीटर सरळ ताणायचे आणि दोन्ही टोकं चार-चार मीटर खाली सोडायची. डायपोलमध्ये प्रवाह मध्यावर जोरात आणि टोकांशी शून्याकडे जातो. त्यामुळे किरणोत्सर्जनाचं चार-पंचमांश काम मधले 12 मीटरच करतात. कॉइल नाही, म्हणून तिचा तोटाही नाही. मात्र टोकांशी व्होल्टेज चढतं, तेव्हा ती माणसाच्या हाताला लागणार नाहीत अशी बांधायची.

उंचीतली काटकसर तर सातपुड्यानंच शिकवली. 145 मेगाहर्ट्झची लाट सरळ जाते आणि पहिल्याच डोंगराला अडते. पलीकडच्या धडगावला ती पोहोचायची कशी? 7 मेगाहर्ट्झची तार जमिनीपासून पाच मीटरवर असली, की बरीचशी शक्ती जवळजवळ उभी वर जाते आणि दिवसा आयनांबरावरून परतून डोंगराच्या दोन्ही अंगांना उतरते. मनोरा उभारला असता तर हाच जोर क्षितिजाकडे, दूरदेशी गेला असता.

म्हणून लहान अँटेना मागणाऱ्याला मी जागा किती, हे नंतर विचारतो. आधी विचारतो, बोलायचंय कुणाशी? धडगाव, मोलगी म्हणाला, तर धाब्यावरची वाकवलेली तार पुरते. मॉरिशस म्हणाला, तर त्याला मनोऱ्यासाठी गल्लीबाहेरचं मोकळं शेत शोधायला सांगतो.