फुटलेल्या बँडची जुळणी

बँड फुटतो तेव्हा त्याची गाणीही फुटतात. मुंबईच्या अंडरग्राउंड रॉक आणि मेटलमध्ये गाणी कागदावर उतरवून ठेवण्याची पद्धत कधी नव्हतीच. रिफ गिटारवाल्याच्या बोटांत, ठेक्याची वळणे ड्रमरच्या पायांत, शब्द गाणाऱ्याच्या एखाद्या वहीत, आणि दुसऱ्या कडव्यानंतर एक बार मोकळा सोडायचा आहे हे फक्त बासवाल्याला ठाऊक. एकेका गाण्याची मालकी अशी चौघा-पाचांत वाटलेली असते. पंधरा-वीस वर्षांनी ही माणसे पुन्हा एका मंचावर आली की त्या कार्यक्रमाला रियुनियन गिग म्हणतात. बाहेरून तो स्नेहमेळावा दिसतो. वाजवणाऱ्यांच्या लेखी ते विखुरलेली गाणी जुळवण्याचे काम असते, आणि ते किती नीट झाले यावरच त्या संध्याकाळचे मोल ठरते.

गाणी इतकी विखुरण्याला कारणे आहेत. १९७० आणि १९७१ च्या सिमला बीट या बँडस्पर्धांच्या निमित्ताने भारतीय बीट बँडच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या, पण तो मार्ग पुढे चालू राहिला नाही. मुंबईचा पुढचा रॉक मंचावर घडला. धोबी तलावला सेंट झेवियर्स कॉलेजला लागून असलेले रंगभवन हे त्याचे घर. १९७८ पासून जाझ यात्रा तिथे भरत असे, आणि १९८६ साली फरहाद वाडिया यांनी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास इंडिपेंडन्स रॉक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचे आय-रॉक, तिथेच सुरू केले. मरीन लाइन्स, चर्चगेट आणि व्हीटी ही तिन्ही स्थानके पायी गाठता येणारी, त्यामुळे विरार-कल्याणकडची पोरे काळे टी-शर्ट घालून लोकलने येत आणि लोकलनेच परत जात. कॉलेजांच्या महोत्सवांतील स्पर्धा, जुहूचा रॅझबेरी ऱ्हायनोसेरस हा क्लब आणि अलाहाबादेतून १९९३ पासून निघणारे रॉक स्ट्रीट जर्नल हे नियतकालिक, एवढ्या आधारावर एक पिढी उभी राहिली. त्यातल्या बहुतेकांच्या नावावर एक डेमो कॅसेट आणि प्रेक्षकांतल्या कुणीतरी टेपरेकॉर्डरवर धरलेले दोन-तीन कार्यक्रम, यापलीकडे काही नाही.

पुढे रंगभवनही गेले. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज, आजूबाजूला कामा आणि जीटी रुग्णालये. नियम योग्यच आहे, रुग्णाची झोप कुठल्याही मैफलीपेक्षा मोठी. पण शहरातला हा खुला मंच थांबला आणि त्याची जागा घेईल असे काही मुंबईने उभे केले नाही, याची खंत त्या पिढीला आजही वाटते. बँडमधली मुले नोकऱ्यांना लागली. कुणी जाहिरातींच्या जिंगल करू लागले, कुणी चित्रपटसंगीतात गेले, कुणी अमेरिका-ऑस्ट्रेलियाला.

पुन्हा जुळलेल्या बँडांत सर्वांत ठळक उदाहरण इंडस क्रीडचे. १९८४ साली रॉक मशीन या नावाने सुरू झालेल्या या बँडने १९८८ आणि १९९० मध्ये स्वतःच्या गाण्यांचे अल्बम काढले, १९९३ मध्ये नाव बदलले आणि १९९७ मध्ये काम थांबवले. २०१० साली उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास आणि ड्रमवर मात्र रुशाद मिस्त्री आणि जय राव कवी हे नवे, वयाने लहान वादक होते. २०१२ मध्ये त्यांचा ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बम आला. त्यांच्याकडे जुन्या गाण्यांच्या स्टुडिओत केलेल्या प्रती होत्या, म्हणून नव्या माणसांना ती शिकता आली. डेमो कॅसेटवर जगलेल्या बँडला ही सोय नसते. त्यांची सुरुवात कपाटाच्या वरच्या खणापासून होते.

कॅसेट सापडली तरी ती लगेच डेकमध्ये घालू नये. मुंबईच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते, फीत हेडवर दाबणारा फेल्टचा तुकडा गोंद सुकून गळून पडलेला असतो, आणि खुद्द डेकमधले रबरी पट्टे चिकट होऊन गेलेले असतात. बुरशी दिसली तर फीत दुसऱ्या कवचात घालावी, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा, हेडचा कोन फितीवरच्या ध्वनीशी जुळेपर्यंत स्क्रू फिरवावा आणि पहिल्याच वेळी संगणकात ध्वनी उतरवून घ्यावा. दुसरी संधी मिळेलच असे नाही.

त्यानंतर प्रश्न येतो पट्टीचा. जुन्या टेपरेकॉर्डरांचा वेग कधीच नेमका नसे. सेल उतरलेल्या यंत्रावर ध्वनिमुद्रण झाले असेल तर फीत त्या वेळी हळू फिरलेली असते, म्हणून चांगल्या डेकवर तेच गाणे वेगात आणि वरच्या सुरात ऐकू येते. वेगात सुमारे ६ टक्के फरक पडला की सूर पेटीच्या एका पट्टीने सरकतो. त्यातून त्या काळी ट्यूनर सगळ्यांकडे नव्हते. एकाची गिटार ऐकून दुसरा आपली लावत असे. तेव्हा कॅसेटवर गाणे दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी वाजत असेल तर दोष फितीचा की तारांचा, हे ठरवावे लागते. बँडमध्ये कीबोर्ड असेल तर काम सोपे, कारण त्याचा सूर हलत नाही. नसेल तर अँप्लिफायरची गुणगुण उपयोगी पडते. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून मुद्रणात मागे ५० आणि १०० हर्ट्झचा बारीक आवाज असतो. तो संगणकावर मोजला की फीत किती टक्के पुढे किंवा मागे आहे याचा अंदाज येतो. पण १९९० च्या दशकात वीजजाळ्याची वारंवारता स्वतःच बरीच खालीवर होत असे, त्यामुळे या मोजणीवर डोळे मिटून भरवसा ठेवू नये. शेवटचा निकाल कानाने द्यायचा. मेटलमधला बराचसा मारा खुल्या सहाव्या तारेवर असतो, आणि तिचा भरीवपणा कुठल्या सुरावर खरा वाटतो हे तेव्हाच्या गिटारवाल्याला लगेच कळते.

प्रेक्षकांतून केलेल्या मुद्रणात बास जवळजवळ नसतोच. ड्रमच्या प्रत्येक ठोक्याला यंत्र आपोआप आवाज दाबते आणि गाणाऱ्याचे शब्द त्यात बुडतात. इथे मित्रमंडळी उपयोगी पडतात. एकाच कार्यक्रमाची कॅसेट दोघा-तिघांकडे असू शकते, कुणी डावीकडे उभे राहून धरलेली, कुणी मिक्सरपाशी. शब्द तर पुष्कळदा पहिल्या रांगेतल्या माणसालाच पाठ असतात, गाणारा विसरलेला असला तरी. भजनी मंडळात एखादा अभंग बुवांच्या वहीत नसला तरी मागच्या टाळकऱ्याच्या तोंडी सापडतो, त्यातलाच हा प्रकार.

जॅमपॅडमधल्या, म्हणजे सरावाच्या खोलीतल्या, पहिल्या बैठकीत बोलणे कमी आणि वाजवणे जास्त ठेवावे. हातांना जे आठवते ते डोक्याला आठवत नाही. “इथे कितवा फ्रेट होता?” असे कुणी मध्येच विचारले की दुसऱ्याचाही हात अडखळतो. अडले तर त्याच बारवर झटत बसण्यापेक्षा मागच्या भागाच्या सुरुवातीपासून पुन्हा यावे. वेगात आलेला हात पुष्कळदा अडलेली जागा आपसूक ओलांडतो. बास आणि ड्रम या दोघांनी आधी एक-दोन सराव वेगळे करणे फार उपयोगी ठरते, कारण जुन्या बँडची घट्ट वीण बहुधा तिथेच सैल झालेली असते.

वय झालेले असते, हे लपवण्यात अर्थ नाही. गाणाऱ्याचा वरचा सूर गेलेला असेल तर सगळ्या तारा अर्ध्या किंवा पूर्ण स्वराने उतरवाव्यात. तारा उतरवल्या की ताण कमी होतो आणि त्या लोंबू लागतात, म्हणून जाड तारांचा संच चढवावा आणि त्यानंतर गिटारची मान आणि ब्रिज पुन्हा जुळवून घ्यावा. लयीचे तसेच. विशीतला बँड मंचावर डेमोपेक्षा वेगात सुटतो, आणि पंचेचाळिशीतल्या ड्रमरने त्या कार्यक्रमांच्या लयीशी स्पर्धा करू नये. गाणाऱ्याला ओळ एका श्वासात पुरी करता येईल ती लय बरोबर. पट्टी आणि लय बदलली तरी गाणे टिकते. रचना बदलली की ते दुसरेच गाणे होते. अठराव्या वर्षी लिहिलेली कच्ची ओळ, बाराऐवजी तेरा वेळा येणारा रिफ, नियमात न बसणारे वळण, हे सगळे जसेच्या तसे ठेवावे. त्या चुकांवर माणसांनी जीव लावलेला असतो.

परदेशात राहणारा सदस्य आपला भाग घरी वाजवून पाठवतो, त्यावर बाकीचे सराव करतात, आणि तो कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी येतो. हे जमते. जो या जगात राहिलेला नाही त्याच्या जागेचा निर्णय कठीण असतो. काही बँड ती जागा मोकळी ठेवतात, काही दुसऱ्या बँडमधल्या मित्राला बोलावतात. बोलावलेल्या मित्राने गेलेल्याचा भाग त्याच्यासारखा वाजवावा, स्वतःची हौस तिथे भागवू नये. घरच्यांना आधी भेटावे आणि त्यांच्यासाठी पुढची जागा राखावी.

कार्यक्रमाच्या दिवशीची आखणी घड्याळाभोवती फिरते. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० वाजता बंद करावे लागतात, सरकारने मोजक्या दिवसांना दिलेली सवलत सोडली तर. पाच बँड असतील तर एकच ड्रम संच आणि तेच अँप्लिफायर सर्वांनी वापरायचे. प्रत्येकाने आणायची ती गिटार, पेडल, स्नेअर आणि झांजा. या छोट्या जगात एकाच ड्रमरने दोन-तीन बँडांत वाजवलेले असते, तेव्हा त्याचे सेट लागोपाठ येणार नाहीत अशी क्रमवारी लावावी. नोव्हेंबर २०२२ मध्ये आय-रॉक काही वर्षांच्या खंडानंतर माझगावच्या बेव्ह्यू लॉन्सवर परतले तेव्हा मंच, प्रकाश आणि ध्वनी सगळेच मोठ्या प्रमाणावर होते. छोट्या रियुनियनला तेवढे लागत नाही. चांगला मॉनिटर मात्र लागतोच. जुन्या काळी स्वतःचे वाजवणे ऐकू न येताच सगळे वाजवत आणि जमून जाई. वीस वर्षांच्या खंडानंतर जमत नाही.

कानांची काळजी हा चैनीचा विषय नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तासांपर्यंत चालतो असे मानले तर प्रत्येक ३ डेसिबलला ती मुदत निम्मी होते, आणि १०० डेसिबलला जेमतेम पाव तास उरतो. मेटलचा सेट त्याहून लांब असतो. रंगभवनच्या पिढीतल्या अनेकांच्या कानांत आजही शिट्टी वाजते. म्हणून मंचावर आणि खाली इअरप्लग, आणि सोबत आणलेल्या मुलांच्या कानांवर मफ हवेतच.

सेट चालू असताना डिजिटल मिक्सरवरून प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करून घ्यावे. कित्येक बँडांच्या बाबतीत त्या गाण्यांचे हे पहिलेच स्वच्छ मुद्रण असते आणि पुन्हा होण्याची खात्री नसते. त्याच आठवड्यात गाण्यागणिक तारांची पट्टी, लय, भागांचा क्रम आणि पूर्ण शब्द लिहून काढावेत आणि मुद्रणासह प्रत्येक सदस्याला द्यावेत, जो आला नाही त्यालाही, आणि जो हयात नाही त्याच्या घरी. कॅसेट ज्याची त्याला परत करावी. फीत कुठल्या तारखेला उतरवून घेतली, वेग किती टक्क्यांनी दुरुस्त केला आणि कोणत्या बाजूला कोणते गाणे आहे, हे लिहिलेली चिठ्ठी तिच्या डबीत घालावी.