बोटांत राहिलेल्या गोष्टी

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या बाराव्या लेव्हलवर राजपुत्राच्या वाटेत त्याचीच सावली उभी असते. ही ओळख जुनी असते. चौथ्या लेव्हलवर आरशातून आरपार उडी मारावी लागते, तेव्हा ती त्याच्यापासून सुटी झालेली असते. मग एकदा ती त्याच्या वाटणीचं औषध पिऊन पळते, एकदा ऐन उडीच्या वेळी समोरचं दार बंद करून त्याला खोल पाडते. त्यामुळे ती तलवार उपसून पुढ्यात आली की बोट आपोआप शिफ्टवर जातं. वार बसतो, आणि जीव आपलाच कमी होतो. तोपर्यंत शिकलेली सगळी तलवारबाजी इथे निरुपयोगी ठरते. खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची, सावलीही करते. मग सरळ तिच्या अंगावर चालत जायचं, म्हणजे दोघं एक होतात. आणि त्यानंतर समोरच्या पोकळीत धावत सुटलं की पायांखाली फरशा उमटत जातात.

हे मी केलं ते सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर रूममध्ये. बाबा तिथे हिशेब खात्यात होते. नव्वदच्या दशकाचा मध्य होता, खोलीला एसी होता आणि चपला बाहेर काढाव्या लागत. जेवणाच्या सुट्टीत आम्हा भावंडांना एक मशीन मिळायचं. बाण दादाकडे, शिफ्ट माझ्याकडे, अशी वाटणी होती. पळणं-उड्या त्याच्या, वार माझे. सुरुवातीला ‘प्रिन्स’च्या पुढे ‘मेगाहिट’ टाईप केलं की नको ती लेव्हल गाळून पुढे जाता येतं, ही विद्या त्याने कुठूनशी मिळवली होती. सावलीपाशी मात्र ती विद्या चालेना. शेवटी तो म्हणाला, “तू बोट काढ बघू.” मी काढलं, आणि त्याने खालचा बाण दाबला. त्या प्रसंगात माझ्या वाट्याला काहीच न करणं आलं होतं, आणि ते न करणं मला आजवरच्या कितीतरी जिंकलेल्या लढायांपेक्षा स्पष्ट आठवतं.

पुढे वाचलं की हा खेळ करणाऱ्या जॉर्डन मेकनरने 1985 मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं होतं. त्याचं व्हिडिओ चित्रण करून, एकेक चौकट गिरवून त्याने राजपुत्राची हालचाल तयार केली. म्हणूनच कड्याला धरून वर चढताना त्या एवढ्याशा आकृतीचं वजन जाणवतं. 1989 मध्ये खेळ बाहेर येईपर्यंत ॲपल टू कॉम्प्युटरची मेमरी जवळजवळ संपली होती. नव्या शत्रूची चित्रं ठेवायला जागा नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं वेगळ्या तऱ्हेने उमटवून सावली केली गेली. अडचणीतून निघालेली ही युक्ती खेळाचा आत्मा झाली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण गोष्ट इथे वेगळी सांगितलेली नाही. ना संवाद, ना निवेदन. आधी हाताला सवय लावली आणि मग त्या सवयीलाच जाब विचारला.

ॲक्शन गेममधली गोष्ट मी तेव्हापासून याच जागी शोधत आले आहे. उत्तम चित्रण, नटांचा अभिनय, सिनेमासारखी दृश्यं हे सगळं हवंच; पण ते चालू असताना हात मांडीवर असतात. गोष्ट हातात येते का, हा माझा प्रश्न असतो.

2003 साली आलेला ‘सँड्स ऑफ टाइम’ मी पुण्यात, हॉस्टेलजवळच्या गेमिंग कॅफेत खेळले. तासावर पैसे, आजूबाजूला ‘काउंटर स्ट्राइक’चा आरडाओरडा, आणि मी हेडफोन लावून एका राजपुत्राची कहाणी ऐकत बसलेली. हाही मेकनरनेच लिहिलेला. सुरुवातीलाच राजपुत्र बापाच्या सैन्याबरोबर हिंदुस्थानातल्या एका महाराजाच्या महालावर चालून जातो आणि तिथला जादूचा खंजीर उचलतो. म्हणजे लूट करणारा हात आपलाच. महाराजाची मुलगी फराह कैद होते, आणि पुढे सबंध खेळभर हीच फराह धनुष्य घेऊन आपल्या सोबतीने लढते. खंजिराने काळ थोडा मागे फिरवता येतो. उडी चुकली, की बटण दाबून धरायचं, आणि पडणारा देह उलटा वर येतो. आणि तरीही राजपुत्र मेलाच, तर निवेदकाचा, म्हणजे त्याचाच आवाज येतो: नाही, असं झालं नव्हतं, पुन्हा सांगतो. खेळातलं मरण म्हणजे गोष्ट सांगणाऱ्याची जीभ अडखळणं, ही कल्पना मला आजही थक्क करते. एरवी ‘गेम ओव्हर’ ही पाटी गोष्टीच्या बाहेरची असते. इथे तीही गोष्टीत आली.

तो हे सगळं कुणाला सांगतोय, ते शेवटी कळतं. फराहच्या मृत्यूनंतर तो सगळा काळच मागे फिरवतो, स्वारीच्या आदल्या रात्रीपर्यंत, आणि तिच्या सज्जात जाऊन तिलाच ही हकिगत सांगत असतो. तिला काहीच आठवत नाही. ते घडलेलंच नाही. तिने लहानपणी अंधाराची भीती वाटली की म्हणायचा एक गुप्त शब्द त्याला सांगितलेला असतो, ‘काकोलूकीय’, पंचतंत्रातल्या तिसऱ्या तंत्राचं नाव. निघताना तो तेवढाच शब्द तिला ऐकवतो. त्या दोघांनी एकत्र पार केलेला प्रत्येक सज्जा आता जगात फक्त दोघांना ठाऊक: त्याला आणि खेळणाऱ्याला. कादंबरी वाचून मी रडले आहे, पण एखादं पात्र आणि मी मिळून एक आठवण वागवतो आहोत, असं कादंबरीने मला कधी वाटू दिलं नाही.

सगळेच खेळ असे नसतात. ‘अनचार्टेड’ मालिकेतला नेथन ड्रेक हसरा, लाघवी माणूस; बायकोशी त्याचं बोलणं ऐकत राहावं असं. आणि बंदूक हातात आली की तो डझनावारी माणसं मारतो आणि पुढच्या दृश्यात तितकाच हसरा असतो. हाताने केलेलं गोष्टीला ठाऊकच नाही. त्याच मालिकेतला ‘द लॉस्ट लेगसी’ 2017 मध्ये आला, तोही सह्याद्रीत घडणारा: होयसळांचे अवशेष, हळेबीडचा उल्लेख आणि गणपतीच्या सुळ्याचा शोध. परशुरामाच्या परशूने गणपतीचा दात तुटला ही आजीकडून ऐकलेली कथा क्लोई फ्रेझरच्या तोंडून ऐकताना अंगावर रोमांच आले, हे खरं. पण माझ्या बोटांत त्या खेळाचं फार काही राहिलं नाही.

राहिला तो ‘ब्रदर्स’. 2013 सालचा, योसेफ फारेसचा, तीन-चार तासांत संपणारा. आजारी बापासाठी औषध आणायला दोन भाऊ निघतात. कंट्रोलरची डावी काडी आणि डावं बटण म्हणजे थोरला, उजवी काडी आणि उजवं बटण धाकटा. एकाच माणसाने दोघांना चालवायचं. सुरुवातीला मेंदूला गाठ बसते, मग हळूहळू दोन हातांना दोन स्वभाव येतात. धाकट्याला पाण्याची भीती; पोहताना तो थोरल्याच्या पाठीला धरूनच जातो. पुढे थोरला मरतो. डाव्या हाताला अचानक कामच उरत नाही. परतीच्या वाटेवर पुन्हा पाणी येतं, उजवं बटण कितीही दाबा, तो काठावर घुटमळतो. कुठलीही सूचना नाही. मग कधीतरी डावं बोट, थोरल्याचं, दाबलं जातं, आणि धाकटा पाण्यात उतरतो. मी कंट्रोलर खाली ठेवून दादाला फोन लावला. तो तेव्हा जर्मनीत स्थिरावला होता, तिथे सकाळ होती. काय झालं म्हणून तो घाबरला. मी म्हटलं, काही नाही, तुला एक खेळ पाठवतेय, कुणालाही काही न विचारता खेळ.

या खेळात तलवारबाजी नावाला नाही, त्यामुळे त्याला ॲक्शनच्या पंगतीत बसवू नये असं कुणी म्हणेल. मी बसवते. कृतीतून गोष्ट सांगायची, तर याहून नेमकं मी काही पाहिलेलं नाही.

‘द लास्ट ऑफ अस’ मी आईच्या साक्षीने खेळले. आई तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती मालिका बघावी तसं हे बघू लागली आणि दोन-तीन दिवसांत मला तिच्याशिवाय पुढे जायची बंदी झाली. बुरशीने माणसं पिसाट झालेल्या जगात, मुलगी गमावलेला जोएल एलीला देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घेऊन जातो, कारण तिला बुरशीची बाधा होत नाही. साल्ट लेक सिटीत पडक्या इमारतींमधून जिराफांचा कळप जाताना दिसतो. दोघं कठड्याला टेकून बघत उभे राहतात, आणि आपण बटण दाबत नाही तोवर उभेच राहतात. गुस्ताव्हो सांतोलाजाचं संगीत मंद वाजत असतं. “थांब,” आई म्हणाली, “लगेच नको पुढे नेऊस त्यांना.” आम्ही थांबलो. किती वेळ थांबायचं हे खेळणाऱ्यावर सोडणारी जागा सिनेमात असू शकत नाही.

मग हॉस्पिटल. लस बनवायची तर एलीचा मेंदू उघडावा लागणार, ती जगणार नाही. जोएल गोळीबार करत ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचतो. समोर डॉक्टर, हातात नुसती शस्त्रक्रियेची सुरी. बाकीच्या दोघांना हात न लावताही जाता येतं, पण या डॉक्टरला मारल्याशिवाय खेळ पुढे सरकत नाही. आई म्हणाली, “दुसरा काही उपाय असेल बघ.” मी कोपऱ्यात गेले, दाराशी गेले, नुसती उभी राहिले. उपाय नव्हता. शेवटी चाप ओढला तो मी. आई बराच वेळ बोलली नाही आणि मग म्हणाली, “तुझ्यासाठी मीही तेच केलं असतं.” नैतिकतेच्या चर्चेत ज्या वाक्याला आपण सहज खोडून काढू, ते वाक्य त्या क्षणी खोडता येईना, कारण हात माझाही होता. 2020 च्या दुसऱ्या भागात त्या डॉक्टरची मुलगी ॲबी येते, आणि आधी जिचा संताप येतो तिलाच निम्मा खेळ आपल्या हातांनी चालवावं लागतं. पुष्कळांना तो भाग आवडला नाही. मला तो पहिल्यापेक्षा धाडसी वाटतो.

‘रेड डेड रिडेम्प्शन टू’बद्दल मी तासन्‌तास बोलू शकेन, पण एकच सांगते. 1899 सालची अमेरिका, दरोडेखोरांची टोळी, आणि तिच्यातला आर्थर मॉर्गन. टोळीत स्ट्रॉस नावाचा एक माणूस सावकारी करतो, आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. सुरुवातीच्याच एका वसुलीत डाउन्स नावाच्या खोकणाऱ्या शेतकऱ्याला कुंपणाशी धरून मारायचं असतं. प्रत्येक ठोसा आपल्या बटणाचा. तो आर्थरच्या तोंडावर खोकतो. किती तरी तासांनंतर, आपण तो प्रसंग विसरलेले असताना, आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो: क्षय. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ क्षयाने गेले. मिरजेजवळ वानलेसवाडीच्या सॅनिटोरियमचं नाव आमच्या घरात आवाज खाली करूनच घेतलं जाई. त्यामुळे ते निदान ऐकताना मला त्या कुंपणापाशी परत जावंसं वाटलं. जाता येत नाही. इथे काळ फिरवणारा खंजीर नाही. शेवटाकडे आर्थर पुन्हा वसुलीला जातो, तेव्हा कर्ज सोडून देण्याची मुभा आपल्याला मिळते, आणि मग स्ट्रॉसला तो तळावरून हाकलून देतो.

आपल्याकडेही आता असं काम होतंय. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ आणला. राजी ही खेळ करून पोट भरणारी पोर, आपण डोंबारी म्हणू तशी, आणि राक्षसांनी नेलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधायला निघते. तिच्या लढण्यात तिचा धंदा दिसतो. खांबाला धरून गिरकी, भिंतीवरून धाव, आणि त्या वेगात त्रिशूळ. दुर्गा आणि विष्णू वरून बघत निवेदन करतात, मधल्या कथा बाहुल्यांच्या सावल्यांमधून येतात. खेळ मला आखूड वाटला, शेवट घाईचा वाटला. पण तिची गिरकी हातात बसली आहे.

या मंडळींनी, किंवा त्यांच्यामागून येणाऱ्यांनी, आता एक गोष्ट घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पुणे जिल्ह्यातलं सुपे, मे 1875. आठवडी बाजाराचा दिवस. शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. ते त्यांनी ओढून काढले आणि जाळले. दंगा मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरला, पण माणसांवर हात फारच कमी उठले; रोख होता तो कागदांवर. हातात मशाल आहे, संताप आहे, समोर माणूस आहे, आणि जाळायचा आहे फक्त कागद. इतक्या संयमाची लढाई कुठल्याही खेळाने अजून खेळायला दिलेली नाही. आणि खेळणाऱ्याच्या वाट्याला त्यात शेतकरी देऊ नये. त्याला द्यावा सावकाराचा कारकून. पहिले काही तास त्याने ते रोखे एकेक करून स्वतःच्या हाताने लिहावेत, अंगठे घ्यावेत, व्याज चढवावं, लिहिण्याचा वेग आणि सफाई वाढेल तसं त्याला बक्षीसही मिळावं; आणि मग बाजाराचा दिवस उजाडावा.