एक डबा आणि एक चिकटवही



शाळेत असताना आपण सगळ्यांनी चिकटवही केली आहे. पाने, फुले, पक्षी, नेत्यांची चित्रे, कडेला स्केचपेनची नक्षी. आता तिला सगळे स्क्रॅपबुक म्हणतात आणि त्यासाठी बाजारात महागडे कागद मिळतात. आपल्याला त्यातले काही लागणार नाही. आज मी दोन कामे एकत्र सांगणार आहे, घरचा प्रथमोपचाराचा डबा आणि घरची चिकटवही. आमच्या लिंबागणेशच्या घरात ही दोन्ही एकाच फळीवर, शेजारी शेजारी असतात.

आधी डबा

बिस्किटांचा घट्ट झाकणाचा डबा पुरतो. कुलूप लावू नका, पण लहान मुलांचा हात पोचणार नाही इतका उंच ठेवा. गॅसजवळ ऊब आणि न्हाणीत ओल असते, म्हणून तिथे नको.

आमच्या डब्यात आहे ते असे: निर्जंतुक गॉजची पाकिटे, चिकटपट्ट्या, दोन क्रेप बँडेज, पोव्हिडोन आयोडीनचे मलम, कात्री, चिमटा, हातमोजे, डिजिटल थर्मामीटर, ओआरएसची पाच पाकिटे, पॅरासिटामॉल, डॉक्टरांनी सांगितलेली ॲलर्जीची गोळी आणि एक छोटी बॅटरी. कापूस आहे, पण तो थेट जखमेवर ठेवत नाही, त्याचे धागे चिकटतात. मुलांना पॅरासिटामॉल द्यायचे ते वजनाप्रमाणे, म्हणून प्रत्येक मुलाचे प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या या डब्यात ठेवत नाही, घाईत अदलाबदल होते.

कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. डॉक्टरांना विचारले तर पुष्कळ वेळा तेच औषध गोळीत किंवा शाकाहारी कवचात मिळते. मात्र विचारल्याशिवाय आपल्या मनाने औषध बंद करायचे नाही.

ओआरएसची पाकिटे बघितली की मला डॉ. दिलीप महालनबीस आठवतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा त्यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका. आपल्या घरी गाळून उकळलेले पाणी असतेच, तेच निवल्यावर घ्या. केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्या.

काय करायचे नाही

भाजले तर टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काही लावू नका. साधे गार पाणी २० मिनिटे सोडत राहा, बर्फ नको. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी मोजून वापरतात, तरी इथे हात आखडता घेऊ नका.

बालाघाटाच्या या दगडधोंड्यांत विंचू आणि सापांशी गाठ पडतेच. सापाच्या बाबतीत आवळपट्टी, ब्लेडने कापणे, तोंडाने ओढणे, सगळे वर्ज्य. माणसाला धीर द्या, चालू देऊ नका, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठी-बांगडी-जोडवी काढा आणि सरळ दवाखाना गाठा. कोणता साप होता हे बघायला त्याच्या मागे धावायचे नाही आणि मारायचा तर नाहीच. आपल्या अहिंसेलाही ते धरून आहे आणि वैद्यकालाही, कारण दुसरा दंश अशाच वेळी होतो. विंचू चावल्यावर दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे असे दिसले तर थांबू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाने विंचूदंशाचे रुग्ण वाचवण्याची वाट दाखवली, त्यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली. ते औषध दवाखान्यातच द्यायचे असते. आपले काम रुग्णाला वेळेत पोचवण्याचे. डब्याच्या झाकणावर आतून १०८ हा आकडा मोठ्या अक्षरात लिहा.

आता चिकटवही

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्या. घरातल्या प्रत्येकाला चार पाने द्या. डाव्या पानावर आठवण, उजव्या पानावर तब्येत. ही युक्ती माझ्या सासूबाईंची. त्या म्हणायच्या, "नुसती दवाखान्याची फाईल कोण उघडून बघतं? कपाटात पडून राहते. फोटो असले की वही हातात राहते."

डाव्या पानावर एक फोटो, खाली तारीख, गाव आणि दोन ओळी. बास. उजव्या पानावर रक्तगट, ॲलर्जी लाल शाईने, चालू औषधांची नावे आणि प्रमाण, झालेली ऑपरेशन्स, लशींच्या तारखा. औषध बदलले की जुन्यावर रेघ मारून तारीख टाका, खोडून काढू नका.

चिकटवण्याच्या चार गोष्टी. सेलोटेप वापरू नका, काही वर्षांत पिवळी पडून कागद खाते. पातळ डिंकाने पान सुरकुतते, त्याऐवजी ग्लू स्टिक घ्या. जुने फोटो चिकटवूच नका, कागदाचे चार त्रिकोणी कोपरे करून त्यांत अडकवा, म्हणजे कधीही काढता येतात. पिठाची खळ नको, तिला कसर आणि झुरळे लागतात. मग ती मारण्याची वेळ येते, त्यापेक्षा वही कोरडी ठेवून त्यांना येऊच न देणे बरे. आम्ही वहीत कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: ईसीजी आणि सोनोग्राफीचे बरेचसे कागद उष्णतेने छापलेले असतात, बसच्या तिकिटासारखे. ते उडतात. त्यांची झेरॉक्स काढून ती चिकटवा.

याची किंमत आम्हाला दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात कळली. रात्री अकराला बापूंच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, छातीत दाबल्यासारखे झाले आणि घामाने सदरा भिजला. ह्यांनी १०८ ला फोन केला. सासूबाईंनी काही न बोलता चिकटवही माझ्या हातात दिली. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडला पोचेपर्यंत मी मांडीवर ती वही घट्ट धरून नवकार म्हणत होते. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "जुना ईसीजी आहे का?" बापूंच्या पाकिटातला मूळ कागद पिवळट, कोरा झाला होता. वहीत सासूबाईंनी लावलेली झेरॉक्स स्वच्छ होती. नवा आणि जुना शेजारी धरून डॉक्टर म्हणाले, "हा बदल नवा आहे," आणि लगेच उपचार सुरू झाले. पेनिसिलीनची ॲलर्जी लाल शाईत होतीच. बापू पाचव्या दिवशी घरी आले. आल्यावर त्यांनी वही मागवली आणि म्हणाले, "त्या डॉक्टरनं माझा दुकानातला फोटो बघितला. त्यात मी झोपाळू दिसतो. दुसरा लावा."

ही वही घरातच राहावी असेही नाही. आमच्या मागच्या गल्लीतली एक बाई दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, कधी सांगली-कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. पाच-सहा महिने फडावरची कोपी हेच घर. मागच्या वर्षी निघताना ती म्हणाली, "वहिनी, तिकडं दवाखान्यात विचारतात लेकराला कोणत्या सुया झाल्या. मला काय सांगता येतंय?" मग आम्ही दोघींनी दुपारभर बसून तिची छोटी वही केली. पहिल्या पानावर चौघांचा फोटो, मग लेकराच्या लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स, आशाताईंचा नंबर, तिचा रक्तगट. सोबत पत्र्याच्या डबीत गॉज, क्रेप बँडेज, आयोडीनचे मलम, ओआरएस. कोयता लागला तर स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरायचे, सारखे उचलून बघायचे नाही, हे तिला करून दाखवले. चैत्रात ती परत आली तेव्हा डबीतले गॉज संपले होते. वहीत तिच्या मुलीने उसाच्या फडाचे चित्र काढून चिकटवले होते.

आपल्याकडे आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. औषधदान म्हटले की आपण मोठ्या शिबिरांचा विचार करतो. शेजारणीची डबी भरून देणे हेही त्यातच येते असे मला वाटते.

आम्ही डबा आणि वही वर्षातून एकदा, ज्येष्ठ शुद्ध पंचमीला तपासतो. षट्खंडागम पूर्ण झाला त्या स्मरणात श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून, पुसून, नव्या वेष्टनात बांधतात. त्याच दुपारी आम्ही मुदत संपलेली औषधे बाजूला काढतो, पाकिटे बदलतो, मुलांची वजने लिहितो आणि प्रत्येकाचा एक नवा फोटो लावतो. पाऊस तोंडावर असतो, विंचूकाट्याचे आणि जुलाबाचे दिवस येणार असतात, म्हणून ही वेळ सोयीचीही आहे.

तुमच्या घरी सुरुवात करायची तर या रविवारी फक्त घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाचे पान करा. एक फोटो, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे. अर्ध्या तासाचे काम आहे. त्यांच्याजवळ बसून विचारत विचारत लिहा, डाव्या पानासाठी दोन गोष्टी आपोआप मिळतील.